शेजारच्या सीटची शिवण

४ फेब्रुवारी

चि. दोऱ्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल शनिवारी पोचलं. इतकं जड होतं की क्षणभर वाटलं, तूच घडी घालून आलास की काय. उघडलं तर पाचही सीटांची कव्हरं, आणि वर ती कशी चढवायची याची चार पानी चिठ्ठी. ताई कशी आहेस ही ओळ मी पानं उलटसुलट करून शोधली, तेव्हा ती शेवटच्या पानाच्या समासात सापडली. असो, समासात का होईना, होती.

तुला गाडीचीच काळजी जास्त, म्हणून आधी गाडीचं सांगते. बाबांनी दुकान बंद करताना उरलेल्या चामड्यातून मढवलेल्या सीटा अजून शाबूत आहेत. सोमवार-गुरुवार त्यांना डायलिसिसला नेते. परत येताना हाताच्या पट्टीतून कधी रक्त झिरपतं. मागच्या आठवड्यात शेजारच्या सीटवर दोन थेंब पडले. मी घाईघाईने स्पिरिटचा बोळा घासला. डाग गेला, पण त्याच्याबरोबर रुपयाएवढा रंगही गेला. आता घे ओरडून.

बाबा तसेच आहेत. कधी मला नावाने हाक मारतात, कधी बाई तुम्ही कुठल्या म्हणून विचारतात. जेवतात, चालतात, फक्त माझ्याशिवाय कोणाबरोबर गाडीत बसत नाहीत. मध्ये एक ड्रायव्हर ठेवून पाहिला होता, तर सिग्नलला दार उघडून उतरले. तो बिचारा दुसऱ्या दिवशी फिरकला नाही.

आता माझं. खुबा वर्षभर दुखतोय हे तुला माहीत आहे. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी २ एप्रिल दिली आहे. ही तिसरी तारीख, आधीच्या दोन मीच सोडल्या. नंतर सहा आठवडे गाडी चालवायची नाही म्हणतात. त्या सहा आठवड्यांत बाबांना कोण नेणार, ते आपण दोघांनी ठरवायला हवं. कारखान्यातल्या यंत्रांनी तुझा एक कान नेलाय आणि फोनवर तू नुसतं हं हं करतोस, म्हणून लिहून विचारते आहे. येशील का ते स्पष्ट कळव.

चष्म्याच्या दुकानातून आजच लवकर आले. दिवसभर काचा घासून डोळे चुरचुरताहेत, म्हणून इथेच थांबते. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

स्पिरिट, ताई. माझी बहीण, आणि चामड्याला स्पिरिट. तुझं पत्र मी डबा खाता खाता वाचत होतो, तो डबा तसाच राहिला. आता माझं नीट ऐक. कोमट पाण्यात साध्या साबणाचा फेस करायचा, मऊ सुती फडकं बुडवून घट्ट पिळायचं, टिपून घ्यायचं, घासायचं नाही. मग कोरड्या फडक्याने लगेच पुसायचं. ओले टिश्यू, हात धुवायचं ते जेल, काच पुसायचं पाणी, यातलं काही त्याच्या जवळपासही न्यायचं नाही. तीन महिन्यांनी एकदा चामड्याचं क्रीम, तेही बोटावर मावेल इतकंच.

गाडी उन्हात उभी करत असशील तर पुढच्या काचेला पडदा लाव. किल्ल्यांचा जुडगा सीटवर टाकू नकोस, तुला ती सवय आहे. बाबांना नवी निळी जीन घालत असशील तर आधी दोनदा धुऊन काढ, तिचा रंग उतरतो. आणि कव्हरं चढव. ती मी माझ्या हातांनी बेतली आहेत. गाडीची मापं मला अजून पाठ आहेत.

इथे चामडं बघायलाही मिळत नाही. बसच्या सीटा, सगळं रेक्झिन, दिवसाला एकशेचाळीस. मी फक्त पाठीची डावी बाजू शिवतो. उजवी बाजू शिवणारा पलीकडे बसतो. आमची अकरा वर्षांची ओळख आहे, पण बोलणं चार वाक्यांचं. घरी येतो तेव्हा बोटं इतकी आखडलेली असतात की कुलपात किल्ली फिरवायला दोन हात लावावे लागतात.

तारखेचं बघू. मार्चअखेर मोठी ऑर्डर आहे आणि रजेचं नाव काढलं की सुपरवायझर छताकडे बघायला लागतो. शिवाय मी बाबांना चालेन का, हाही प्रश्न आहेच. तू खुबा शेकत जा.

तुझा,
दोऱ्या


२३ फेब्रुवारी

चि. दोऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचताना डबा बाजूला ठेव.

रविवारी कव्हरं चढवली. सीटखालचे हूक अडकवायला मला रस्त्यावर उताणं पडावं लागलं. समोरचा औषधवाला दुकानातून धावत आला, त्याला वाटलं मी पडले. दुपार गेली, पण कव्हरं अशी बसली की तुझं कौतुक वाटलं. एक सुरकुती नाही.

सोमवारी सकाळी बाबांना खाली आणलं. दार उघडून त्यांनी नेहमीसारखा सीटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. म्हणाले, ही आपली गाडी नाही. मी नंबर दाखवला, बाहेरचा पोचा दाखवला, आत बसून हॉर्न वाजवला. ते हलेनात. दुसऱ्याच्या गाडीत बसलं तर लोक काय म्हणतील, असं मलाच समजावत राहिले. पाऊण तास आम्ही रस्त्यात उभे होतो. तोवर त्यांची वेळ गेली आणि मशीन दुसऱ्याला दिलं.

कव्हर काढायचं मला सुचलं नाही, दोऱ्या. ही एवढीशी गोष्ट. दमलेल्या माणसाचं डोकं कसं बंद पडतं बघ. मंगळवारी दुपारी त्यांचे पाय सुजले, धाप लागली, अॅम्ब्युलन्स बोलवावी लागली. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. तिथल्या सिस्टरने मला विचारलं की एवढी साधी गोष्ट तुम्हाला जमत नाही का. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

कव्हरं पाठवलीस तू, चढवली मी, तेव्हा दोष अर्धा अर्धा. आता ती माळ्यावर आहेत. गुरुवारी उघड्या चामड्यावर त्यांनी अंगठा फिरवला आणि मुकाट्याने बसले.

फक्त नवीन खोड लागली आहे. बसल्या बसल्या सीटच्या कडेची शिवण नखाने उकरत राहतात. जाताना चाळीस मिनिटं, येताना चाळीस. मी रागावले, हात धरला, शेवटी लोकरीचे हातमोजे घातले. ते काढून नीट घडी करून माझ्या मांडीवर ठेवतात आणि पुन्हा सुरू. तूच सांग काय करू. आणि तारखेचं काय ते तू लिहिलेलंच नाहीस.

तुझी,
ताई


३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून कामात चित्त नाही. काल एक सीट उलटी शिवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

सीटा गेल्या खड्ड्यात, असं मी पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं. ते आता लिहितो. बाबांना काही झालं असतं तर ती कव्हरं मी कुठे तोंड लपवायला वापरली असती, देव जाणे. तुला ऐकून घ्यावं लागलं याचं जास्त वाईट वाटतं. त्या सिस्टरला माझा पत्ता दे, मला बोलू दे तिला.

हातमोजे काढून टाक. ती खोड नाही. शिवणाऱ्या माणसाचा हात शिवणीवर जातोच. टाका सैल आहे का, कुठे वळला का, हे डोळ्यांआधी नखाला कळतं. दुकानात बाबा गिऱ्हाइकाशी बोलत असायचे आणि अंगठा मागे शिवणीवर चालू असायचा.

एक नक्की बघून कळव. कुठली शिवण उकरतात. शेजारच्या सीटची, हे कळलं. पण आतली कड की दाराकडची, बसायच्या भागाची की पाठीची, आणि दुहेरी टाका आहे का. किती बोटं उसवली तेही मोज. विसरू नकोस.

रजेचं मी अजून विचारलेलं नाही. ऑर्डर डोक्यावर आहे. विचारतो.

तुझा,
दोऱ्या


११ मार्च

चि. दोऱ्यास,
आशीर्वाद.

मोजलं. आतली कड, बसायच्या भागाची, दुहेरी टाका. आज चार बोटं उसवली आहे. तुझ्या चामड्याला ओरखडाही नाही. टाका टाका उचलून काढतात, आणि निघालेला दोरा बोटाला गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवतात. धुवायला टाकताना मला तीन वेटोळी सापडली.

तुला शिवण किती बोटं उसवली हे हवं होतं. मी किती उसवले आहे, हे एकदा तरी विचारायचंस. सकाळी पायमोजा चढवायला मला दहा मिनिटं लागतात. गाडीतून उतरताना दार धरून उभी राहते, मग पहिलं पाऊल टाकते. दुकानात मालकाने उंच स्टूल काढून नेलं आणि खुर्ची दिली, मी मागितली नव्हती. लोकांना दिसतं. तुला दिसत नाही कारण तू तिथे आहेस, हे मान्य. पण मी लिहिते ते तरी वाचतोस ना.

काल मी बाबांना सरळ विचारलं की हे काय चाललंय. तर अगदी शुद्धीत असल्यासारखे म्हणाले, “कारागिराला सांगितलंय. तो येईल परत करायला. तोवर उसवून ठेवतो.” कुठला कारागीर म्हटलं, तर पुढचा टाका उचलायला लागले. दुकान बंद होऊन अकरा वर्षं झाली. आता कसला कारागीर आणि कसलं काय.

२ एप्रिलला तीन आठवडे राहिले. मला हो किंवा नाही हवं आहे. ऑर्डर, सुपरवायझर, छत, यातलं काही नको.

तुझी,
ताई


१७ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तो कारागीर मी आहे.

तू तेव्हा तुझ्या सासरी होतीस, म्हणून तुला कारखान्याची नोकरी चांगली होती एवढंच कळलं. मी सगळ्यांना तेच सांगितलं. खरी गोष्ट अशी की दुकान बंद करायच्या आधी बाबा गाडीच्या सीटा करत होते, आणि शेजारची सीट त्यांनी मला दिली. पहिलं चामड्याचं काम. तोवर मी रेक्झिन शिवायचो, चामड्याला मात्र फक्त दोरा ओवायचो आणि तुकडे कापायचो. चार दिवस लागले. आतल्या कडेला दुहेरी शिवण थोडी भरकटली. सूतभर, जास्त नाही. बाबांनी नख फिरवलं आणि दोन माणसांसमोर एकच शब्द बोलले, “उसव.”

मी म्हटलं, तिथे कोण बघतंय, बसल्यावर माणसाखाली जातं ते. तर म्हणाले, मग जिथे कोणी बघत नाही तिथे जाऊन काम कर. मी तसंच केलं, ताई. खरंच अशा जागी आलो जिथे कोणी बघत नाही. हे मी इथे रोज आठवतो.

मला वाटत होतं त्यांनी ती शिवण दुसऱ्याच दिवशी उसवून स्वतः नीट केली असेल. त्यांना तासाभराचं काम. आई गेल्यावर दोन दिवस आलो तेव्हाही मी गाडीत बसलो नाही, रिक्षाने गेलो, कारण त्यांची सरळ शिवण मला बघायची नव्हती. तुझं पत्र वाचून कळलं की त्यांनी तिला हात लावला नाही. अकरा वर्षं, आधी तिच्या शेजारी बसून गाडी चालवत होते, मग तिच्यावरच बसत होते. माझी वाट बघत होते.

आता मी आलो आणि त्यांनी ओळखलं नाही तर मला सोसणार नाही. आणि ओळखलं तर काय बोलू ते सुचत नाही. म्हणून मी तुला फडकी आणि क्रीम लिहीत बसलो. घाबरलो होतो, दुसरं कारण नाही.

तुझा,
दोऱ्या


२२ मार्च

चि. दोऱ्यास,

अकरा वर्षं. सूतभर शिवणीसाठी. तुम्ही दोघं एका मुशीतले, आणि मधल्या मध्ये मी.

खूप चिडून लिहायचं ठरवलं होतं. पण चिडायलाही अंगात जोर लागतो, तो आज नाही. तू ते सगळं लिहिलंस, बरं केलंस. मी पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी रडले, हेही लिहून टाकते.

पण ते ओळखतील की नाही, हे मला विचारू नकोस. मलाही रोज ओळखत नाहीत. तरी मी सोमवारी आणि गुरुवारी गाडी काढते.

२ एप्रिलला सकाळी सात वाजता मला दवाखान्यात हजर व्हायचं आहे. तू ३० तारखेपर्यंत आलास तर गाडीची किल्ली तुझ्या हातात देईन. न आलास तर ही तारीखही सोडेन आणि चौथी मागणार नाही. डॉक्टर म्हणाले आहेत की आता उशीर केला तर काठी कायमची. हे तुला धमकी म्हणून लिहीत नाही. तुला नंतर कळलं आणि कळवलं नाही म्हणून तू माझ्यावर रुसलास, असं नको.

तुझी,
ताई


१३ एप्रिल
घरून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांना एकटं सोडून तुझ्या वॉर्डात येता येत नाही आणि फोनवर तुझं मला निम्मंच कळतं, म्हणून लिहितो. औषधवाला उद्या तुझ्या दवाखान्याकडे जाणार आहे, त्याच्याजवळ देतो. तू काल वॉकर धरून दाराशी गेलीस, हे त्याच्याचकडून कळलं. पन्नास पावलं म्हणाला. तो थोडं वाढवून सांगतो, तरी तीस धरतो.

बाबांनी मला ओळखलेलं नाही. तू निघालीस त्या दिवशी मला विचारलं, तुम्ही गाडीचे का. मी हो म्हटलं. पहिल्या खेपेला बसायला तयार नव्हते, मग मी त्यांचा हात धरून चामड्यावर ठेवला आणि जरा थांबलो. बसले. उतरले नाहीत. तू म्हणाली होतीस तसं मी वाटेत काही बोललो नाही, नुसती गाडी चालवली. तीन खेपा झाल्या, एकही चुकली नाही. सिस्टरने कागदावर सही घेतली.

दुसऱ्या खेपेहून परत आल्यावर त्यांनी दारातच मला थांबवलं आणि शिवण दाखवली. हे अर्धवट राहिलंय, करून टाका म्हणाले. मी आई वापरायची तो लहान पाट आणला, गाडीचं दार उघडं ठेवलं आणि दोन दुपारी तिथेच बसलो. राहिलेली शिवण मी उसवली. जुनी भोकं दिसू नयेत म्हणून कड दोन सूत आत घेतली. चामडं त्यांनी धरलं. हात कापतो त्यांचा, पण शिवायला लागलो की स्थिर होतो.

झाल्यावर त्यांनी वरपासून खालपर्यंत नख फिरवलं. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, उसवायची सुरी हातातच धरून होतो. ते उसव म्हणाले नाहीत. कोणाच्या हाताखाली शिकलात एवढंच विचारलं. मी म्हटलं, तुमच्या. ते म्हणाले, आठवत नाही, आणि आत जाऊन झोपले. माझं समाधान झालं, ताई. याहून जास्त मला त्यांच्याकडून घ्यायचंही नाही.

आता हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते सांगतो.

साहित्य बाहेर होतंच, म्हणून काल तुझी सीटही तपासावी म्हटलं. चालवणाऱ्याची. वरून ती बरी दिसते, तू पुसून स्वच्छ ठेवतेस. पण मी आठवडाभर तिच्यावर बसत होतो आणि प्रत्येक वेळी एका अंगाला कलत होतो. मला वाटलं खालचा सांगाडा वाकला असेल. वरचं चामडं सोडवलं. सांगाडा सरळ आहे. फोम एका बाजूने दाबून दाबून बोटभर उरला आहे, आणि दुखऱ्या बाजूचा जवळजवळ नवा आहे. दाराकडची कड, जिथे तू हात रोवून स्वतःला आत ओढतेस, तिथे चामडं झिजून खालचं कापड दिसतं.

मी हे काम वीस वर्षं केलंय. असा फोम एका वर्षात बसत नाही. चार वर्षं तरी तू एका अंगावर बसून त्यांना नेते-आणते आहेस. मला मात्र वर्षभर दुखतोय असं लिहिलंस.

मी माझी पत्रं आठवून पाहिली. शेजारची सीट, कव्हरं, ऊन, जीन, किल्ल्या. तू ज्या सीटवर बसतेस तिच्याबद्दल मी एकदाही विचारलं नाही. मी पायरीवर बसलो. बाबा बाहेर आले, माझ्याकडे बघितलं, फोमकडे बघितलं. त्यांनी त्या खड्ड्यात तळहात ठेवला आणि म्हणाले, “ती बाई फार दमते. तिला मऊ घाला.”

नवा फोम बेतून ठेवला आहे, उद्या घालतो. पण तो तुझ्यासाठी आहे म्हणून सहा आठवडे संपले की लगेच चालवायला येऊ नकोस. मी सहा आठवड्यांची रजा घेऊन आलो होतो. आज सकाळी कारखान्याला कळवलं की परत येत नाही. डावी बाजू आता दुसरा कोणी शिवेल. इथे दुकानाचं शटर गंजलंय, तेल घातलं तर उघडेल असं वाटतं.

सोमवार-गुरुवार मी नेतो. तू बाबांच्या सीटवर बस, किंवा मागे आडवी हो, किंवा येऊच नकोस. सगळं चालेल. लवकर चालायला लागलीस तरी सावकाश ये.

रागावली असशील तर घरी आल्यावर बोल, चांगल्या कानाच्या बाजूने. लोभ आहे, तो तसाच असू दे.

तुझा,
दोऱ्या